डिस्क भरली? आधी एनसीडीयू चालवा
सर्व्हरची डिस्क भरली की हाताला लागेल ती फाइल उडवू नका. कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दाखवणारं ‘एनसीडीयू’ (ncdu) वापरा. डेबियन, उबुंटू या लिनक्स प्रणालींवर ते एप्टने (apt, प्रोग्रॅम बसवणारी कमांड) बसवा. ते टर्मिनलमध्येच चालतं, त्यामुळे एसएसएचवरूनही (दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरला जोडून) वापरता येतं. सगळ्यात जड फोल्डर सर्वात वर दिसतो. बाणाच्या कळांनी आत शिरत जायचं. ‘डी’ कळ फाइल पुसते, म्हणून मी चालवताना कायम ‘-आर’ (-r) लावतो, मग काहीच पुसलं जात नाही. मुळापासून (/) तपासताना ‘-एक्स’ (-x) द्या, म्हणजे माउंट केलेल्या (फोल्डर म्हणून जोडलेल्या) इतर डिस्क मोजल्या जात नाहीत.

तरी डिस्कची एकूण वापरलेली जागा सांगणाऱ्या ‘डीएफ’ (df) कमांडचा आकडा एनसीडीयूपेक्षा बराच जास्त दिसला, तर पुसलेली लॉग फाइल (नोंदींची फाइल) एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) अजून उघडी धरलेली असू शकते. ‘एलएसओएफ +एल१’ (lsof +L1) ही कमांड ती फाइल दाखवते. ती उघडी धरणारी सेवा रीस्टार्ट केली की जागा मोकळी होते.