बऱ्याच वर्षांनी थीम पार्क: बडोद्याहून इमॅजिकाचा बेत कसा आखावा

माझ्या वयाच्या बडोदेकरांना थीम पार्क म्हटलं की एस्सेलवर्ल्ड आठवतं. १९८९ साली गोराईला सुरू झालेलं, सुट्टीत मुंबईला मामाकडे गेलं की होडीतून खाडी ओलांडून गाठायचं. ते आता बंद झालं. तसा दिवस मुलांना द्यायचा असेल तर २०१३ मध्ये सुरू झालेलं खोपोलीजवळचं इमॅजिका बघा. पण बेत जुन्या आठवणींवर आखू नका. तेव्हा आपण नुसते पळत सुटायचो, आता सोबत सासूबाई आहेत, लहानगी आहेत आणि आपले स्वतःचे गुडघेही आहेत.

म्हणून राइडची यादी करण्याआधी माणसांची यादी करा. प्रत्येकाला विचारा, एकच गोष्ट करायची तर कुठली? आमच्या दांडिया बाजारच्या घरात लेकीने नायट्रो हा मोठा रोलर कोस्टर सांगितला, भाच्याने डायनासोर. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मला उलटंपालटं काही नको. मिरवणूक बघीन आणि सावलीत बसेन." एवढ्या गोष्टी झाल्या की दिवस सार्थकी लागला असं समजा, बाकीचं सगळं वरकड. सगळ्या राइड करायच्याच असं ठरवून निघालेलं कुटुंब दुपारी रांगेत भांडताना दिसतं.

तारीख निवडताना दोन राज्यांचं कॅलेंडर समोर ठेवा. आपली दिवाळीची सुट्टी आणि मे महिना म्हणजे गर्दी. डिसेंबरात तिकडच्या शाळांच्या सहली येतात. पावसाळ्यात खोपोलीकडचा पाऊस दणकून पडतो आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. उत्तरायणाचे पतंग उतरले आणि वार्षिक परीक्षा अजून लांब आहेत, त्या मधल्या दिवसांतला मंगळवार किंवा बुधवार मला सर्वात आवडतो. २६ जानेवारी मात्र टाळा.

मुंबईला उतरून पुन्हा लोकल आणि टॅक्सी करण्यापेक्षा पनवेलचा मार्ग बघा. कोकणमार्गे केरळकडे जाणाऱ्या काही गाड्या बडोद्याला थांबतात आणि वसई रोडवरून पनवेलला जातात. तिथून खोपोलीपर्यंत मोटार करता येते. आदल्या दिवशीच पोहोचा आणि पार्कजवळ मुक्काम करा. रात्रभर गाडीत बसून सकाळी थेट दारात उभं राहणं साठीपुढच्या माणसांना झेपत नाही.

निघण्यापूर्वी घरी एक काम नक्की करा. मुलांची उंची चपला काढून दाराच्या चौकटीला मोजा आणि पार्कच्या संकेतस्थळावरच्या मर्यादेशी ताडून बघा. राइडच्या तोंडाशी पट्टी लावतात, तिथे कर्मचारी एक बोटही सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण रांगेत तासभर उभं राहून परत फिरलेल्या मुलाचा चेहरा बघवत नाही. बऱ्याच पार्कात मुलांचं तिकीटही वयावर नाही, उंचीवर ठरतं. थीम पार्क आणि वॉटर पार्कची तिकिटं वेगळी असतात. वॉटर पार्कही करायचं असेल तर त्याला दुसरा दिवस द्या आणि नायलॉनचे कपडे घ्या, सुती कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत.

आता आपल्या शरीराचं. पंधरा-वीस वर्षांत कानातला तोल सांभाळणारा भाग बदलतो, पूर्वी मजेचे वाटणारे झोके आता मळमळ आणतात. रक्तदाब, हृदय, पाठ किंवा मान यांची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोस्टरवर बसू नका. गाडी लागण्याची गोळी राइडच्या आधी निदान अर्धा तास घ्यावी लागते, तीही डॉक्टरांना विचारूनच. राइडमध्ये डोकं मागे टेकवून नजर समोर ठेवा. आणि जागा निवडून बसा. शेवटच्या डब्याला पुढचे डबे आधीच वेगाने खाली ओढत असतात, त्यामुळे उतारावर सर्वात जास्त उचलल्यासारखं तिथे वाटतं. पहिल्या रांगेत समोरचं सगळं दिसतं. बऱ्याच वर्षांनी बसणाऱ्याने मधली रांग घ्यावी.

पार्क उघडताच मोठ्या कोस्टरकडे चला, कारण तो पहिला तासच रांगेविना मिळतो. नायट्रो तेव्हा, डायनासोरची पाण्यातली राजासॉरस उन्हं चढल्यावर, म्हणजे भिजलेले कपडे अंगावरच वाळतात. बारा ते चार बाहेर फिरू नका. तेव्हा छताखालच्या राइड घ्या: मिस्टर इंडिया, अलीबाबा, आणि भारतावरून उडवून आणणारी आय फॉर इंडिया. ही शेवटची वडीलधाऱ्यांना फार भावते. जेवण दुपारची गर्दी होण्याआधीच उरका, पोटभर खाऊन लगेच गरगरणाऱ्या राइडवर चढू नका. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, तेव्हा मेथीचे ढेबरे आणि लिलो चेवडा गाडीतच संपवा. मिरवणुकीची, म्हणजे परेडची, वेळ सकाळीच प्रवेशद्वारावर विचारून ठेवा आणि सासूबाईंसाठी सावलीतली जागा अर्धा तास आधी धरा.

परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. दुसऱ्या दिवशी दुपारनंतरची गाडी बघा, म्हणजे सकाळी पाय दुखले तरी सावकाश चहा घेऊन पनवेल गाठता येतं.