'हं'सुद्धा लिहून द्या

घरातल्या अपंग माणसाला निवासी प्रशिक्षणाला पाठवताना काय तयारी करायची? कपडे, टॉवेल, चपला, कपड्यांवर नाव. हे संस्थेच्या छापील यादीत असतंच, त्यावर मी वेळ घालवत नाही.

स्वतंत्रपणे राहायला शिकवणाऱ्या निवासी प्रशिक्षणाला माझ्या धाकट्या भावाला पहिल्यांदा पाठवलं तेव्हा तो २७ वर्षांचा होता. बौद्धिक अक्षमता आहे, फिटच्या गोळ्या चालू आहेत. प्रवेशाचा फॉर्म मी भरला. दात स्वतः घासतो का? हो. गोळ्या स्वतः घेतो का? हो. धडाधड 'हो' लिहून मोकळी झाले. थोडी मिरवलेही म्हणा ना.

चौथ्या दिवशी फोन आला. सकाळी बेसिनसमोर ब्रश हातात धरून उभा राहतो, पण घासत नाही, हट्टी आहे का? मी म्हटलं, छे, घरी तर घासतो! रात्री अंथरुणात पडल्यावर डोक्यात प्रकाश पडला. घरी तो ब्रश घेऊन उभा राहिला की मी जाता-येता 'हं' म्हणते. एवढंच, पण वर्षानुवर्षं. तो तिथे त्या 'हं'ची वाट बघत होता. आणि गोळ्या? पाण्याच्या पेल्याशेजारी गोळी मी काढून ठेवते, मग तो 'स्वतः' घेतो. सकाळी उठून फोन करणार होते, त्याआधी तिकडूनच आला. पहाटे फिट आली होती. गोळ्यांचं पाकीट कपाटात जसंच्या तसं. त्यांनीही मोजायला हवं होतं, मान्य. पण फॉर्मवर 'हो' माझ्या अक्षरात होतं.

म्हणून पहिलं काम, निदान तीन आठवडे आधी: वही घ्या आणि तीन दिवस लक्ष ठेवा. त्याच्यावर नाही, स्वतःवर. तुम्ही कुठे बोलता, कुठे नुसती मान हलवता, कुठे बादली भरून ठेवता, कुठे शर्ट सुलटा करून पलंगावर टाकता. स्वतःचं स्वतःला दिसत नाही, तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणाला तुमच्यावर नजर ठेवायला सांगा. माझे निम्मे 'हं' आईने पकडले. मग कामाचे तुकडे पाडा. दात घासणं हे एक काम नाही, ट्यूबचं झाकण उघडण्यापासून ब्रश जागेवर ठेवेपर्यंत पंधराएक पायऱ्या होतात. प्रत्येक पायरीपुढे लिहा: आपणहून, सांगितल्यावर, खूण केल्यावर, की हात धरून. नुसता 'करतो' हा शब्द वहीत येऊच देऊ नका. कुणी काय केल्यावर करतो, ते लिहा. 'हं' लिहा. कंटाळा येतो, हात दुखतो, तरी लिहा.

औषधांचं पान वेगळं. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, वेळा, मात्रा, आणि पुन्हा तेच: गोळी पाकिटातून कोण काढतं, पाणी कोण देतं, गिळली का हे कोण बघतं. फिटच्या गोळ्या अचानक बंद झाल्या तर फिट येऊ शकते. मला हे माहीत होतं, तरी मी 'हो' लिहिलं. फिट कशी दिसते, एरवी किती वेळ टिकते, नंतर तो किती झोपतो, हेही लिहा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर वाट बघत बसायचं नाही, तातडीची वैद्यकीय मदत, हे ठळक अक्षरात.

त्याला विचारलंत का? मी पहिल्या खेपेला 'सांगितलं' होतं, विचारलं नव्हतं. कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याची संधी हा अपंग व्यक्तीचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात १९ वं कलम त्यासाठीच आहे. खोलीचे फोटो दाखवा, आधी जाऊन या, एक रात्र राहून बघू द्या. नको म्हणाला तर का नको, ते शोधा. 'नको' तो कसा म्हणतो, दुखलं तर कसं दाखवतो, हेही त्याच वहीत. अंगाला हात लावताना कुणी त्याला विचारलं पाहिजे आणि कुणी नको तिथे हात लावला तर सांगायचं, हे घरीच शिकवून पाठवा. लाजू नका.

संस्थेला गोड प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. मदत कमी कशी करत आणता, हे विचारा. शेवटची पायरी आधी त्याच्याकडून करून घेऊन मागे मागे येत शिकवतात का? म्हणजे काम पुरं केल्याचं समाधान त्याच्या वाट्याला येतं. 'आम्ही सतत सांगत राहतो' असं उत्तर आलं तर त्यांचाही एक 'हं' तयार होणार, समजा. रात्री जागं कोण असतं? खोलीचं दार आतून लागतं का? स्वतःचे पैसे हाताळायला मिळतात का? शिकण्याची शेगडी आणि घरची शेगडी वेगळी असेल तर तिथलं शिकलेलं घरी आपोआप उतरत नाही. घरच्या वस्तूंचे फोटो द्या.

फोनची वेळ ठरवून घ्या, उठसूट करू नका. पहिला आठवडा तुम्हालाच जड जातो.

परत येईल तेव्हा: त्यांच्याकडून तशीच वही मागा. आता काय आपणहून करतो, कशाला किती वेळ लागतो. घरात सगळ्यांना वाचून दाखवा. तो ब्रश घेऊन उभा राहील. गप्प बसा. मी अर्धं मिनिट ओठ दाबून उभी होते, मग ट्यूबचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

कागदपत्रं, फोटो, चार्जर वगैरे तुम्ही घ्यालच. वही आधी बॅगेत टाका.