थंडीत खुराडं उबदार ठेवताय? या चुका टाळा

आमच्या निफाडकडे जानेवारीत पारा 5-6 अंशांवर उतरतो. पहिल्याच हिवाळ्यात मी घाबरून खुराड्याला चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला. चार-पाच दिवसांनी पहाटे दार उघडलं तर कागदाला आतून पाण्याचे ओघळ, डोळ्यांत झोंबणारा वास आणि बारातल्या तीन कोंबड्या शिंकतायत. थंडीने नव्हे, माझ्या कागदाने.

कोंबडीचं अंग 41 अंशांच्या आसपास गरम असतं. पिसं फुगवली की तिची गोधडी तिच्यापाशीच. पण पिसं ओलावली की ती गोधडी गेली. बंद खुराड्यात श्वासाची वाफ आणि विष्ठेतला अमोनिया कोंडतो, सर्दी तिथूनच सुरू होते. म्हणून वाऱ्याची बाजू तेवढी गोणपाटाने झाका आणि छपराखाली वीतभर फट उघडी सोडा. तिला बारीक जाळी मारा, नाहीतर मुंगसाची सोय होईल. ऊन आलं की पडदे वर.

खाली भाताचं तूस दोन-तीन इंच हवं. मूठभर उचलून दाबून बघा: लाडू वळला तर ते ओलं आहे. बहुतेकदा पाण्याच्या भांड्याभोवतीच वळतो. तेवढं तूस काढून टाका. त्यावर कोरडं पसरून झाकलंत तर वास चार दिवसांनी परत येतोच.

मोठ्या गावरान कोंबड्यांना बल्ब लागत नाही. पिल्लांना लागतो: पहिल्या आठवड्यात 35 अंश, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. एलईडी इथे चालत नाही, त्याची ऊब पडत नाही. 25 पिल्लांना 60 वॉटचा जुना पिवळा बल्ब पुरतो, मात्र गोणपाट आणि तुसापासून लांब, पक्का बांधून. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर त्यांना गारठा लागतोय. कडेला जाऊन चोच वासून बसली तर उकडतंय.

कोळशाची शेगडी आत ठेवू नका. धूर दिसला नाही तरी विषारी वायू असतोच.

अंडी कमी झाली की सगळे थंडीला दोष देतात. खरं कारण बऱ्याचदा लहान दिवस. डिसेंबरात उजेड जेमतेम 11 तास, कोंबडीला 14 तरी हवा. इथे मात्र एलईडी चालतो. तो पहाटे लावा. रात्री लावून एकदम बंद केलात तर खाली राहिलेल्या कोंबड्यांना अंधारात काठी सापडत नाही.

काठीवरून आठवलं, बसायला लोखंडी पाईप नको, पहाटे तो बर्फासारखा लागतो. दोन इंच रुंद लाकूड असलं की कोंबडी बोटं पोटाच्या पिसांखाली झाकून बसते. आमचा पाईप आता दोडक्याच्या मांडवाला लागलाय.