‘सॅम्पल किती घेऊ?’ हा दुसरा प्रश्न आहे: नमुन्यावरून निष्कर्ष काढताना या चुका टाळा

सर्व्हेचं काम घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सॅम्पल किती घेऊ?" पाचशे पुरतील का, हजार करू का, गाईड म्हणाले तीसच्या वर गेलं की झालं. मी उत्तर देण्याऐवजी उलट विचारतो, "नावं कुठल्या यादीतून उचलणार?" इथे बहुतेकांची गाडी अडते. ज्या सगळ्यांबद्दल आपल्याला बोलायचंय (पाठ्यपुस्तकात समष्टी, एरवी पॉप्युलेशन) त्यांच्यातला प्रत्येक जण या नमुन्यात येऊ शकला असता का, हे आधी बघायचं. किती घ्यायचे हे त्यानंतर. खाली सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी मी स्वतः करून बसलोय.

यादी चुकते, आणि उत्तर देणारेही वेगळेच निघतात

अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यातल्या २३ लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्यांची बेरीज सांगत होती की रिपब्लिकन पक्षाचे लँडन आरामात जिंकणार आणि तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट ४३ टक्क्यांवर थांबणार. प्रत्यक्षात रूझवेल्टना जवळपास ६१ टक्के मतं पडली आणि लँडन यांना ४८ पैकी दोनच राज्यं मिळाली. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याच निवडणुकीचा विजेता सुमारे ५० हजारांच्या नमुन्यावरून बरोबर सांगितला होता.

ही गोष्ट वर्गात नेहमी अर्धीच सांगितली जाते: नावं टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून घेतली, मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे असायची ते उघड आहे. बरोबर आहे. पण ज्यांना पत्रिका मिळाली त्यांच्यातल्याही चारात एकानेच ती परत पाठवली, आणि तो एक बाकीच्या तिघांसारखा नव्हता. म्हणजे बिघाड दोन होते. यादी दुरुस्त करून निर्धास्त होणारे लोक दुसरा बिघाड तसाच ठेवतात.

तो तुमच्या कामात आहे का, हे तपासायला फार खटपट लागत नाही. ज्यांना विचारलं ते एका रकान्यात आणि ज्यांनी उत्तर दिलं ते दुसऱ्या रकान्यात मांडा. वय, लिंग, शिक्षण, जे काही दोघांचं माहीत असेल ते शेजारी शेजारी ठेवा. दुसरी युक्ती मला जास्त आवडते: पहिल्याच निरोपाला उत्तर देणारे, एका आठवणीनंतर देणारे आणि दोन आठवणींनंतर देणारे असे तीन गट करा. मुख्य प्रश्नाचं उत्तर या तीन गटांत एकाच दिशेने सरकत असेल, तर ज्यांनी अजिबात उत्तर दिलं नाही ते बहुधा त्याच दिशेने आणखी पुढे बसलेले आहेत. मग फॉर्म आणखी हजार जणांना पाठवून काही होत नाही. न बोलणाऱ्यांपैकी थोड्यांना गाठून बोलतं करावं लागतं.

"आमचा डेटा प्रचंड आहे" हे त्यावरचं उत्तर नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत फेसबुकमार्फत होणाऱ्या एका सर्व्हेत आठवड्याला सुमारे अडीच लाख लोक उत्तरं देत होते. मे महिन्यात कोविड लस घेतलेल्या प्रौढांचं प्रमाण त्याने तब्बल १७ टक्के अंकांनी जास्त दाखवलं. साधारण हजार लोकांचा, पण काळजीपूर्वक निवडलेला दुसरा एक सर्व्हे खऱ्या आकड्याच्या बराच जवळ होता. मोठ्या सर्व्हेचा मार्जिन ऑफ एरर (नुसत्या योगायोगाने अंदाज किती चुकू शकतो तो आकडा) अर्थातच नगण्य होता. तो सूत्रातूनच येतो, आणि त्या सूत्राला फक्त नशिबाचा खेळ कळतो. माणसं नमुन्यात कशी आली हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

रँडम म्हणजे हाताला लागेल ते नव्हे

फायलींच्या ढिगातून "अशाच" पन्नास फायली काढणं रँडम नाही. हात वरच्याच फायलीकडे जातो, जाड फाइल टाळतो. मुद्दाम रँडम करायला गेलेलेही फसतात. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली गेली. ३६६ कॅप्सूल महिन्यामहिन्याने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्या गेल्या नाहीत. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांच्या तारखा आधी निघाल्या. निःपक्ष सोडतीत कुठल्याही महिन्याचा सरासरी क्रमांक १८३ च्या आसपास यायला हवा. डिसेंबरचा १२१ च्या आसपास आला. क्रमांक जितका लहान तितकं बोलावणं लवकर, म्हणजे न ढवळण्याची किंमत डिसेंबरात जन्मलेल्या पोरांनी मोजली.

यादीला अनुक्रमांक द्या, कॉम्प्युटरकडून रँडम आकडे घ्या आणि वापरलेला सीड (ज्या आकड्यापासून कॉम्प्युटर सुरुवात करतो तो) लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कोणाला तीच निवड पुन्हा काढून बघता येईल. "दर दहावा" ही पद्धत चालते, पण यादीतच दहाच्या पटीची काही लय असेल तर ती गळ्याशी येते.

प्रश्न साधा, पण विचारला कोणाला?

एका शाळेत दहा वर्ग आहेत असं धरा. एका वर्गात ९० मुलं, बाकी नऊ वर्गांत प्रत्येकी १०. एकूण १८० मुलं, दहा वर्ग, सरासरी वर्ग १८ मुलांचा. आता वर्गांची यादी बाजूला ठेवा आणि मुलांनाच विचारा, "तुझ्या वर्गात किती जण?" ९० मुलं म्हणतील ९०, उरलेली ९० म्हणतील १०. सरासरी निघते ५०. कोणी खोटं बोललेलं नाही, कोणी वगळलेलं नाही, नमुना तर शंभर टक्के. तरी १८ चे ५० झाले, कारण मोठ्या वर्गाला बोलणारी तोंडं जास्त.

ही चूक मी फार उशिरा ओळखायला शिकलो, आणि तेव्हापासून ती मला सगळीकडे दिसते. एखाद्या दिवशी रुग्णालयात जाऊन दाखल असलेल्या रुग्णांच्या मुक्कामाचे दिवस मोजा: दीर्घकाळ राहणारे हमखास सापडतात, एका दिवसात घरी जाणारे निसटतात. दुरुस्ती सोपी आहे, फक्त सुचावी लागते. प्रत्येक उत्तराला त्याच्या आकाराच्या उलट वजन द्या. वरच्या उदाहरणात ९० म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला एक नव्वदांश आणि १० म्हणणाऱ्याला एक दशांश. वजनांची बेरीज होते १० (म्हणजे वर्गच), आणि १८० भागिले १० म्हणजे पुन्हा १८.

नमुना चोख, मोजपट्टी वाकडी

पिकाचं उत्पादन अंदाजायला शेतातला छोटा तुकडा, समजा एक वर्तुळ, रँडम निवडून तेवढंच पीक कापून तोलतात. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की तुकडा जितका लहान, तितकं हेक्टरी उत्पादन फुगून दिसतं. कारण अगदी हाताशी आहे. वर्तुळाच्या काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा कल ते आत ओढण्याकडे असतो. वर्तुळ लहान असलं की क्षेत्राच्या मानाने काठ लांब, म्हणून अशी रोपंही जास्त. जागा कितीही रँडम निवडा, असे दहा हजार तुकडे कापा. प्रत्येक तुकडा थोडा थोडा जास्तच सांगत असेल तर सरासरीही जास्तच सांगणार. प्रश्नावलीतही असा काठ असतो. "अंदाजे किती?" याला लोक पाच-दहाच्या पटीत उत्तरं देतात आणि त्यातही जे शोभेल तिकडे झुकतात.

आता आकाराबद्दल

होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नाला, ९५ टक्के पातळीवर (म्हणजे शंभरातल्या सुमारे ९५ नमुन्यांत चूक याच्या आत राहते), साध्या रँडम नमुन्यात जास्तीत जास्त चूक, टक्के अंकांत, अशी: १०० जणांत ±९.८, ४०० जणांत ±४.९, १,००० जणांत ±३.१, २,५०० जणांत ±२. चूक अर्धी करायची तर नमुना चौपट. समष्टी एक लाखाची आहे की दहा कोटींची, याने जवळपास फरक पडत नाही. शितावरून भाताची परीक्षा करणारी बाई पातेल्याच्या मापाने शितं वाढवत नाही, तसंच. "लोकसंख्येच्या दहा टक्के घ्यायला हवेत" हा नियम कुठून आला कोण जाणे, पण तो काढून टाका. नमुना समष्टीचा बराच मोठा भाग असेल तेव्हा मात्र दुरुस्तीचा गुणक लावता येतो, आणि त्याने चूक कमीच होते.

हजारांचा ±३.१ घेऊन लोक लगेच त्यातल्या एका वयोगटाबद्दल बोलू लागतात. त्या गटात १०० जण असतील तर तिथे ±९.८ च लागू.

आणि "तीस झाले की पुरे"? सरासरीचं वितरण घंटाकार दिसायला डेटा बऱ्यापैकी सममित असेल तर तीस बरेचदा पुरतात. फार एकांगी डेटाला, उदाहरणार्थ उत्पन्नाला, पुरत नाहीत. क्वचित घडणाऱ्या गोष्टीला तर मुळीच नाहीत. ६० जणांत एकालाही दुष्परिणाम झाला नाही म्हणून "दुष्परिणाम शून्य" लिहू नका. शून्य सापडले की ३ ला नमुन्याच्या संख्येने भागा: ३ भागिले ६० म्हणजे ५ टक्के. खरं प्रमाण तिथपर्यंत असू शकतं.

एक चूक माझी. ४० शाळा निवडायच्या, प्रत्येकीतली ३० मुलं, एकूण १,२००. मी चूक ±२.८ लिहून मोकळा झालो. पण एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. तिसावा मुलगा पहिल्या एकोणतीस जणांपेक्षा फारसं नवं सांगत नाही. हे साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे सगळी अगदी सारखी) ०.१ इतकं जरी धरलं, तरी नमुना ज्याने भागायचा तो गुणक होतो १ + २९ × ०.१ = ३.९. म्हणजे माझे १,२०० हे खरे सुमारे ३०८ स्वतंत्र मुलांच्या तोडीचे, आणि चूक ±५.६. अहवाल तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच लिहिलं होतं: "शाळा ४० आहेत ना?" तेव्हापासून सॉफ्टवेअरमध्ये गट कुठला ते सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही. एकाच माणसाची दहा मोजमापं दहा माणसं म्हणून धरणं हाही त्यातलाच प्रकार.

निकाल वाचताना

दोन गटांचे कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी ज्यात असावी असे पट्टे) एकमेकांवर चढले की "फरक नाही" असं लिहिणारे खूप भेटतात. करून बघा. एका गटाची सरासरी १०, दुसऱ्याची १३, दोन्हींची स्टँडर्ड एरर (सरासरीचा अंदाज नमुन्यागणिक साधारण किती हलतो ते माप) १. पहिल्याचा पट्टा साधारण ८ ते १२, दुसऱ्याचा ११ ते १५. चढलेत. पण फरक आहे ३, आणि फरकाची स्टँडर्ड एरर १ + १ = २ होत नाही, ती २ चं वर्गमूळ म्हणजे १.४१. ३ भागिले १.४१ म्हणजे २.१२, पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) सुमारे ०.०३. प्रश्न फरकाचा असेल तर पट्टाही फरकाचाच काढा: साधारण ०.२ ते ५.८. त्यात शून्य नाही, पण फरक नक्की केवढा याबद्दलही तो फार काही सांगत नाही, आणि हे दोन्ही अहवालात यायला हवं.

उलट बाजूने, पी व्हॅल्यू ०.०५ च्या वर आली म्हणजे फरक नाही हे सिद्ध झालं असंही नाही. छोट्या नमुन्यात मोठा फरकही लपतो. आलेखावर दांड्या काढल्या असतील तर त्या स्टँडर्ड डेव्हिएशनच्या की स्टँडर्ड एररच्या, हे खाली लिहा. पहिली माणसामाणसांतला पसारा सांगते, दुसरी सरासरीचा अंदाज किती डळमळीत आहे ते. आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तुलना केल्यात, कशातच खरा फरक नाही, तरी एखादी ‘सिग्निफिकंट’ (पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली) निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. बाकीच्या एकोणीस तुलना अहवालातून गाळल्या तर वाचणाऱ्याला कळायचा मार्गच उरत नाही.

नमुना हातात आलाय आणि बिघडलेला आहे

माझ्याकडे येणारी बहुतेक कामं याच अवस्थेत येतात. तरुण जास्त आलेत, वयस्कर कमी, आणि समष्टीतलं वयोगटांचं खरं प्रमाण माहीत आहे, अशी स्थिती असेल तर वजनं देऊन बरंच सावरता येतं. त्यातही उत्तर देणारे वयस्कर न देणाऱ्या वयस्करांसारखेच आहेत, हे आपण गृहीतच धरत असतो. एखादा गट मुळात आलाच नसेल, तर शून्याला कितीही मोठं वजन द्या, शून्यच.

मग वाक्य बदलायचं. समजा मसुद्यात आहे, "६२ टक्के नागरिकांना ही सेवा समाधानकारक वाटते." त्याऐवजी, "सेवेसाठी ऑनलाइन अर्ज केलेल्या ३,००० जणांना प्रश्नावली पाठवली. उत्तर देणाऱ्या ४१२ जणांपैकी ६२ टक्के समाधानी होते." काम देणाऱ्याला हे वाक्य आवडत नाही. तो विचारतो, "±४.७ तरी लिहू का?" नाही. ते ४१२ जण रँडम निवडून आलेले नाहीत.