नाळेच्या पेशींना अल्ट्रासाउंड देताना: माझा अनुभव

नाळेतल्या दोन धमन्या आणि एक शीर काढली की व्हार्टन जेली, म्हणजे नाळेतला जेलीसारखा मऊ भाग, उरते. तिचे बारीक तुकडे प्लेटला चिकटवले की मेसेन्कायमल स्टेम सेल्स (हाड, कूर्चा, चरबी अशा पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशी) हळूहळू बाहेर सरकतात. आमच्याकडे ही वाढ फारच मंद होती. म्हणून हाड जुळवायला वापरतात तोच सौम्य अल्ट्रासाउंड निवडला: १.५ मेगाहर्ट्झ, दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॉट, २०० मायक्रोसेकंदांचे पल्स, सेकंदाला १०००, रोज २० मिनिटं. तुकडे पक्के चिकटल्यावरच सुरुवात केली.

पण प्लेटच्या शेजारशेजारच्या खान्यांतही वाढ वेगवेगळी दिसे. मूळ दोष लहरींच्या वाटेत होता. प्लेटखालून आलेली लहर माध्यमाच्या (पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवाच्या) पृष्ठभागावर, हवेला भिडताच, जवळजवळ पूर्ण परत फिरते. मग स्थिर लहरी तयार होतात आणि कुठे जोर जास्त, कुठे कमी. निर्जंतुक सिलिकॉनचा शोषक वरून माध्यमाला टेकवला, तेव्हा फरक बराच मिटला. प्लेट आणि ट्रान्सड्यूसर (लहरी सोडणारा भाग) यांच्यामधल्या जेलमधले बुडबुडेही काढावेच लागतात, कारण हवेचा पातळ थरसुद्धा लहर अडवतो. ट्रान्सड्यूसर तापतो, त्यामुळे माध्यमाचं तापमान मोजत राहिलो. नाहीतर उष्णतेचा परिणाम आपण लहरींच्या नावावर घालू.

माझ्या मते सर्वांत मोलाची तुलनेची प्लेट: तीच हाताळणी, तितकाच वेळ इन्क्युबेटरबाहेर, फक्त यंत्र बंद. पेशी वाढल्या तरी सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ ही या स्टेम सेल्सची ओळख पटवणारी पृष्ठभागावरची प्रथिनं तपासल्याशिवाय पुढे वापरत नाही.