सौर मनोऱ्याचे वीजकेंद्र आखताना: आधी हिशोब, मग उंची

सौर मनोऱ्याचे तत्त्व सोपे आहे. जमिनीपासून थोड्या उंचीवर काचेचे विस्तीर्ण छत घातले की त्याखालची जमीन तापते, जमिनीमुळे हवा तापते आणि हलकी झालेली ही हवा छताच्या मधोमध उभ्या असलेल्या उंच, पोकळ मनोऱ्यातून वर जाताना पायथ्याची टर्बाइन फिरवते. इंधन लागत नाही, यंत्रणा थंड ठेवण्यासाठी पाणी लागत नाही आणि ढगांतून झिरपणारा विखुरलेला प्रकाशही कामी येतो. मात्र या सोपेपणाला भुलून सगळे लक्ष मनोऱ्याच्या उंचीकडे जाते आणि जागेचा व खर्चाचा मोठा वाटा घेणारे छत मागे पडते.

म्हणून पहिले काम आकडेमोडीचे. गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराला हवेची विशिष्ट उष्णता आणि बाहेरच्या हवेचे केल्विनमधील तापमान यांच्या गुणाकाराने भागले, की मनोऱ्याच्या कार्यक्षमतेची वरची मर्यादा मिळते. बाहेर २० अंश सेल्सिअस तापमान असताना १,००० मीटर उंचीच्या मनोऱ्यासाठी हे उत्तर सुमारे ३.३ टक्के येते आणि २०० मीटरच्या मनोऱ्यासाठी जेमतेम ०.६७ टक्के. छताने निम्मी उष्णता हवेला दिली आणि टर्बाइन व जनित्राने मिळून ८० टक्के साधले असे उदारपणे धरले, तरी किलोमीटरभर उंच मनोऱ्यातून छतावर पडलेल्या उन्हाच्या १.३ टक्क्यांहून अधिक वीज निघणार नाही. बाजारात मिळणारे सिलिकॉनचे सौर पॅनेल साधारण २० टक्के ऊन विजेत बदलते. केवळ दिवसाची वीज हवी असेल, तर माझ्या मते हा विचार इथेच थांबवावा. जमीन मुबलक असेल आणि सूर्यास्तानंतरही वीज हवी असेल, तरच पुढे जावे.

कागदावरचा हिशोब प्रत्यक्षाशी ताडून पाहायला एक चांगले उदाहरण आहे. जर्मन अभियंते यॉर्ग श्लाइश यांनी स्पेनमधील मांझानारेस येथे उभारलेले प्रायोगिक केंद्र १९८२ मध्ये सुरू झाले. त्याचा मनोरा सुमारे १९५ मीटर उंच आणि १० मीटर व्यासाचा होता, छताचा व्यास २४४ मीटर होता आणि कमाल क्षमता ५० किलोवॉट होती. छताचे क्षेत्रफळ जवळपास ४६,००० चौरस मीटर भरते. भर दुपारी दर चौरस मीटरला १,००० वॉट ऊन धरले, तर ४६ मेगावॉट उन्हातून ५० किलोवॉट वीज, म्हणजे हजारात एक भाग. छोटा मनोरा परवडत नाही तो यामुळे. श्लाइश यांच्याच आराखड्यात २०० मेगावॉटसाठी १,००० मीटर उंचीचा मनोरा आणि ७ किलोमीटर व्यासाचे छत धरलेले आहे. एवढ्या मापाचे केंद्र अजून कुठेही उभे राहिलेले नाही.

जागा निवडताना वर्षभराचे ऊन तर पाहावेच, पण सपाटी, वादळे, गारपीट, वाळूची वावटळ आणि भूकंपाचा धोका यांचीही तितकीच कसून तपासणी करावी.

छताची कड जमिनीपासून दोनेक मीटरवर ठेवावी आणि छत मध्याकडे हळूहळू उंच करत न्यावे, म्हणजे हवेचा ओघ मनोऱ्याकडे विनाअडथळा वळतो. कड फार उंच ठेवल्यास बाहेरचा वारा आत शिरून तापलेली हवा पळवतो. आच्छादनासाठी प्लॅस्टिकची फिल्म स्वस्त पडते खरी, पण मांझानारेसला ती कालांतराने ठिसूळ होऊन फाटू लागली, तर काच वादळांतही टिकली आणि पावसाने बऱ्यापैकी धुतली गेली. दीर्घकाळ चालवायचे केंद्र असेल, तर काचेचा खर्च सुरुवातीलाच सोसावा.

रात्रीच्या विजेची सोयही छताखालीच करावी लागते. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता सोडतेच. त्यात भर म्हणून पाण्याने भरलेल्या काळ्या, बंद नळ्या जमिनीवर अंथराव्यात. त्या एकदा भरून बंद केल्या की पुन्हा पाणी लागत नाही. त्यांच्यामुळे दुपारची कमाल वीज घटते, पण उत्पादन दिवस-रात्रभर सारखे पसरते. पाण्याचा थर किती जाड ठेवायचा, हे विजेची मागणी कोणत्या वेळी आहे त्यावरून ठरवावे.

टर्बाइनची निवड करताना मोकळ्या वाऱ्यातली पवनचक्की डोळ्यांसमोर आणू नये. इथली टर्बाइन भिंतींनी बंदिस्त असते आणि जलविद्युत केंद्रातल्याप्रमाणे दाबातल्या फरकावर चालते. हा फरक लहान असतो: १,००० मीटर उंची आणि हवेची ३० अंशांची तापमानवाढ धरली, तर हजारभर पास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सुमारे एक टक्का. पात्यांचा कोन बदलता येईल अशीच रचना घ्यावी. पाती अधिक मिटली की प्रवाह मंदावतो, हवा छताखाली जास्त वेळ राहून अधिक तापते, पण काचेतून उष्णतेची गळतीही वाढते. या दोन्हींचा मेळ उन्हाप्रमाणे दिवसभर घालत राहावा लागतो.

मनोऱ्यासाठी श्लाइश यांची पसंती प्रबलित काँक्रीटला होती आणि मोठ्या केंद्रासाठी तीच योग्य वाटते. मांझानारेसचा मनोरा मात्र पातळ लोखंडी पत्र्याचा होता आणि ताणदोरांच्या आधाराने उभा होता, कारण तो थोड्या वर्षांच्या प्रयोगापुरताच बांधला होता. त्या दोरांना गंजापासून पुरेसे संरक्षण नव्हते. १९८९ मध्ये गंजलेले दोर वादळात तुटले आणि मनोरा कोसळला. ताणदोर वापरायचेच असतील, तर जस्ताचा मुलामा दिलेलेच घ्यावेत, ते एकेक करून बदलता येतील अशी सोय आराखड्यातच ठेवावी आणि त्यांच्या ताणाची व गंजाची तपासणी वादळी हंगामापूर्वी दरवर्षी करावी.