बारा बोरसाठी काडतूस निवडताना

बंदूक तीच असते, पण आत काय घातलं यावर ती कबुतराची की रानडुकराची हे ठरतं. म्हणून काडतूस निवडताना दोनच प्रश्न धरून ठेवावेत: छर्रा किती आत शिरायला हवा, आणि नेम चुकला तर तो मागे कुठे जाऊन थांबेल? ब्रँड, वेग, खोक्यावरचं ‘मॅग्नम’ हे सगळं त्यानंतर.

पण त्याच्याही आधी नळीवरचा शिक्का वाचा. तिथे बोर आणि चेंबरची (नळीच्या मागचा, काडतूस बसतं तो भाग) लांबी कोरलेली असते. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर एका गोळीचा जो व्यास येतो तो बारा बोर, म्हणजे सुमारे 18.5 मिमी. वीस बोर 15.6 मिमीची. 410 चा आकडा मात्र या हिशेबातला नाही. तो थेट इंचाच्या हजाराव्या भागात आहे, म्हणजे 10.4 मिमी.

खरी गफलत होते ती लांबीत. काडतुसाची 70, 76 किंवा 89 मिमी ही लांबी बार उडून तोंडाची घडी उलगडल्यानंतरची असते. त्यामुळे 76 चं न उडालेलं काडतूस 70 च्या चेंबरमध्ये मुकाट बसतं, बंदूकही नीट बंद होते. बार उडाला की घडी उलगडायला जागा मिळत नाही, नळी अरुंद होते तिथे ती अडते आणि दाब धोकादायक वाढतो. उलट बाजूने, 76 च्या चेंबरमध्ये 70 चं चालतं. ‘बसलं म्हणजे चालतं’ हा नियम इथे साफ चुकीचा आहे.

याहून वाईट प्रकार म्हणजे खिशात बारा आणि वीस बोर एकत्र असणं. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं. चेंबर रिकामं दिसतं, माणूस मागे बाराचं घालतो आणि चाप ओढतो. नळी फाटते, ती नेमकी पुढच्या हाताजवळ. वीस बोरची काडतुसं पिवळी ठेवण्याची रीत यासाठीच पडली. रंगावर विसंबू नका. एका वेळी एकाच बोरचं सामान जवळ बाळगा. जुनी, पीळदार पोलादाची नळी असेल तर बंदुकीच्या कारागिराने तपासल्याशिवाय आजचं कुठलंही काडतूस तीत घालू नये.

आता छर्रे. बारीक छर्ऱ्यांत आकडा वाढतो तसा छर्रा लहान होतो. अमेरिकी मोजणीत 17 मधून नंबर वजा करायचा, उरेल तो इंचाच्या शंभराव्या भागातला व्यास. 6 नंबर म्हणजे 0.11 इंच, 2.8 मिमी. 4 नंबर 3.3 मिमी, साडेसात 2.4 मिमी. ब्रिटिश मोजणी वेगळी आहे: तिथला 6 नंबर साधारण 2.6 मिमीचा. म्हणून खोक्यावर मिमी छापले असतील तर तेच पाहा. मोठ्या छर्ऱ्यांत (यांना ‘बक’ म्हणतात) ‘डबल ओ’ 8.4 मिमीचा, ब्रिटिश पद्धतीचा एस.जी. जवळपास तेवढाच, तर एल.जी. त्याहून मोठा, 9.1 मिमी. डबल ओचा एक छर्रा साधारण साडेतीन ग्रॅमचा, 6 नंबरचा जेमतेम 0.13 ग्रॅमचा. एकाच बंदुकीतून सुटणाऱ्या दोन छर्ऱ्यांत वजनाचा फरक पंचवीसपटीहून जास्त! आत शिरण्याची ताकद यातून येते, बार उडण्याच्या आवाजातून नाही.

शिकारीसाठी कायदा परवानगी देतो तिथे ढोबळ हिशेब असा. लावा, होला असे लहान पक्षी असतील तर साडेसात किंवा 8. तित्तिर आणि त्या आकाराच्या पक्ष्यांना 6, सशाला 5 किंवा 6. बदकांना शिशाचे 4 चालत, पण पाणथळ जागी अनेक देशांत शिसं बंद आहे: अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी 1991 पासून, युरोपीय संघाच्या पाणथळ प्रदेशांत 2023 पासून. तिथे पोलादी छर्रे वापरावे लागतात. शिशाची घनता 11.3, पोलादाची 7.8, हलका छर्रा वेग लवकर गमावतो. म्हणून दोन नंबर मोठा घ्यायचा, शिशाच्या 4 ऐवजी पोलादाचा 2. बिस्मथ (हाही धातूच) या दोन्हींच्या मध्ये बसतं आणि जुन्या नळ्यांना त्यातल्या त्यात मानवतं. हरणासाठी डबल ओ हा 25-30 मीटरच्या आतलाच मामला. त्यापुढे नऊ छर्ऱ्यांपैकी दोन-तीनच लागतात, आणि जखमी जनावर रानात नाहीसं होतं. काही ठिकाणी हरणासाठी मोठे छर्रे कायद्यानेच बंद आहेत. तिथे आणि रानडुकरासाठी स्लगच.

स्लग म्हणजे एकच जड गोळी, बारा बोरमध्ये साधारण 28 ग्रॅमची. साध्या गुळगुळीत नळीतून ब्रेनेके किंवा फॉस्टर पद्धतीची मारायची. प्लॅस्टिकच्या वेष्टणातली सॅबो स्लग आटे असलेल्या नळीसाठी असते. गुळगुळीत नळीतून ती फिरत नाही, लडबडते, आणि महागडी गोळी कुठेही जाते.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी दिलेला निमुळतेपणा. बारा बोरमध्ये ‘मॉडिफाइड’ म्हणजे मध्यम चोक सुमारे अर्धा मिमी, त्याहून घट्ट ‘फुल’ सुमारे 0.9 मिमी. 40 यार्डांवर (सुमारे 36.5 मीटर) 30 इंची वर्तुळात छर्ऱ्यांपैकी किती पडतात ते मोजतात: चोक नसलेल्या नळीचे ढोबळ 40 टक्के, मॉडिफाइडचे 60, फुलचे 70. पोलाद दबत नाही, त्यामुळे ते दाट जातं. मोठे पोलादी छर्रे फुल चोकमधून मारले तर नळीचं तोंड फुगू शकतं. त्यासाठी मॉडिफाइड किंवा त्याहून मोकळा चोक घ्या, आणि तो पोलादासाठी चालतो असं चोकवरच लिहिलेलं आहे ना, ते बघा.

हे आकडे खोक्यातले. तुमची नळी काय करते ते फक्त कागद सांगतो, आणि हीच पायरी बहुतेक जण गाळतात. त्याच 40 यार्डांवर मीटरभर रुंदीचा कोरा कागद ताणून लावा, मागे मातीचा भक्कम बांध हवा. मधोमध खूण करून तिच्यावर नेम धरा. एका काडतुसाला एक कागद, असे निदान तीन. मग जिथे छर्रे दाट पडलेत तो मध्य धरून 75 सेंमीचं वर्तुळ काढा आणि आतली भोकं मोजा. टक्केवारीपेक्षा मोकळ्या जागा महत्त्वाच्या: वर्तुळात पक्षी सहज निसटेल एवढी पोकळी वारंवार दिसली तर ते काडतूस या चोकला जमत नाही. दाट भाग खुणेपासून सतत एकाच बाजूला पडत असेल तर दोष नेमाचा किंवा दस्त्याच्या बसणीचा, काडतुसाचा नव्हे. त्याच जातीचं दुसऱ्या कंपनीचं काडतूस त्याच नळीतून पार वेगळं पडू शकतं.

घराच्या रक्षणासाठी हीच चाचणी घरातल्या सर्वांत लांब सरळ अंतरावर घ्यायची. चोक नसलेल्या नळीतून साधे छर्रे दर मीटरला अडीच-तीन सेंमी पसरतात, म्हणजे पाच मीटरवर जेमतेम पंधरा सेंमी. ‘बंदूक रोखली की खोली भरून जाते’ हा भ्रम आहे; नेम धरावाच लागतो. बारीक छर्रे भिंतीपलीकडच्यांसाठी सुरक्षित म्हणून सुचवले जातात, पण ते शरीरात पुरेसे खोल जात नाहीत, आणि जवळून मारले तर जिप्समची पातळ भिंत तेही भेदतात. डबल ओ, 1 नंबर बक (7.6 मिमी) किंवा 4 नंबर बक (6.1 मिमी) यांतून निवडा. हा बकचा 4, पक्ष्यांचा 4 नव्हे. डबल ओ अशा भिंतींचे अनेक थर पार करतो, म्हणून कोण कुठे झोपतं ते पाहून कोणत्या दिशेला बार टाकायचाच नाही, हे आधी ठरवा. घरात स्लग नको. कमी धक्क्याची काडतुसं (सुमारे 350 मीटर प्रति सेकंद) इथे चांगली, दुसरा बार लवकर सावरतो. 76 मिमी मॅग्नममध्ये नऊऐवजी पंधरा छर्रे असतात, वेग मात्र कमीच, आणि खांदा हादरतो. ऑटोमॅटिक बंदुकीत हलकी काडतुसं कधीकधी टरफल बाहेर फेकत नाहीत. आखूड 44 मिमीची तर पंप बंदुकीतही (हाताने पुढे-मागे सरकवून भरायची) अडकतात. खोकं भरून चालवून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

संकटकाळासाठी साठा करताना आधी वजन पाहा. बारा बोरची शंभर काडतुसं साडेचार किलोच्या आसपास. पोट भरतं ते लहान जनावरांवर, म्हणून साठ्याचा मोठा भाग, दहातले सहा-सात, 6 नंबरचा असावा; दोन-तीन बक, उरलेलं स्लग. टरफलाला चाकूने गोल चीर देऊन छर्ऱ्यांची स्लग करण्याची युक्ती फिरत असते, तिच्या नादी लागू नये: कापलेलं टरफल नळीत अडकू शकतं.

बार फुसका गेला, धक्का नेहमीपेक्षा कमी लागला, तर तिथेच थांबा. वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधलं बूच) नळीत अडकला असेल आणि पुढचा बार नळी फाडेल. बंदूक रिकामी करून नळी उजेडात धरा, मागच्या बाजूने आरपार पाहा. काडतूस उडालंच नाही तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निदान तीस सेकंद थांबा, मगच उघडा. साठा थंड, कोरड्या जागी, खोक्यातच, बंदुकीपासून वेगळा आणि कुलपात ठेवावा. पितळेवर हिरवट डाग, फुगलेलं टरफल किंवा सैल झालेली घडी दिसली की ते काडतूस बाजूला काढा. कागदी टरफल दमटपणाने फुगतं. प्लॅस्टिकचं मॅगझिनच्या स्प्रिंगखाली महिनोन्‌महिने दाबून राहिलं की चपटतं आणि चेंबरमध्ये घट्ट बसतं. भरून ठेवलेली काडतुसं अधूनमधून काढून सरावात उडवावीत आणि नवी घालावीत.